स्वच्छ करून दिलेला फोटो

“हीच मही माय,” मुक्ता म्हणाली आणि फोटोतल्या एका बाईच्या गालावर तिने बोट टेकवलं.

मी म्हणाले, “बरं.”

आमच्या कामात हा शब्द फार महत्त्वाचा. समोरच्याने बरोबर उत्तर दिलं तरी ‘बरं’, चूक दिलं तरी ‘बरं’. आवाज तोच, चेहरा तोच. आपण आनंद दाखवला की पुढच्या वेळी माणूस फोटोकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतो. दोन वर्षांत मी हा शब्द इतक्या वेळा उच्चारलाय की शेजारीण मयताची बातमी सांगायला आली तरी तोंडातून आधी तेच निघतं.

त्या दिवशी मात्र ‘बरं’ एवढ्यावरच थांबणं अवघड गेलं. मुक्ता वर्षभर जीपमध्ये कोंबून घेऊन केजला येत होती ती ह्याच एका उत्तरासाठी. तहसीलच्या रस्त्याला एका मेडिकलच्या वर आमची खोली आहे. एक टेबल, एक मोठा स्क्रीन, हनुवटी टेकवायचा स्टँड आणि एक कूलर, जो हवेपेक्षा आवाज जास्त देतो. टेबलावर तो फोटो होता. ऊसतोड टोळीतल्या अकरा बाया, दोन रांगांत. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरी, मोठ्या डोळ्यांची, हसणारी. मुक्ताने तिला निवडलं होतं.

“कशी हसती बगा,” ती म्हणाली. “आवाजबी असाच हसरा व्हता तिचा.”

तिच्याबरोबर नेहमी गयामावशी यायची, तिच्या आईची थोरली बहीण. दाराशी पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि आम्ही काय खेळ मांडलाय ते निमूट बघायची. त्या दिवशी ती उठली, मुक्ताच्या खांद्यावरून तिने फोटो पाहिला आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. मला वाटलं, उत्तर चुकलं. आमच्या निखिलला म्हटलं, हिला चहा दे, आणि मावशीच्या मागे गेले.

“मावशी, दुसरीच दाखवली का हिने?”

“दुसरी न् तिसरी काय,” मावशी म्हणाली. “बाई, ह्या बाया कोन हायत?”

“म्हणजे? तुमच्याच गावची टोळी ना?”

“लुगडी आमच्याच गावची हायत. गंगूचं हिरवं, शेवंताचं काठाचं, समदी वळखू येत्यात. पर तोंडं कुनाची हायत ही? ह्यातली एकबी आमची न्हाई.”

काय चूक झाली ते मला तिथेच कळलं. आणि तिची सुरुवात माझ्यापासून झाली होती, हेही.

आता आधीचं सांगते.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डॉक्टर नव्हे. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. तीस वर्षं एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात काढली. रिटायर झाल्यावर घरात भिंती बघत बसले होते, तेव्हा पुण्याच्या एका संशोधन प्रकल्पाने फिल्ड कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं. पद मोठं वाटतं. काम म्हणजे माणसं गोळा करा, त्यांना बसवा, विचारा आणि ‘बरं’ म्हणा.

प्रकल्पाच्या प्रमुख अनघा मॅडम. त्या मेंदूच्या शास्त्रज्ञ. निखिल कॉम्प्युटरवाला, महिन्यातून आठवडाभर केजला येऊन राहतो आणि इथल्या तिखटाने घामाघूम होतो. मॅडमचा प्रश्न असा होता: माणूस बघायला शिकतो कसा? डोळा फक्त उजेड आत घेतो. हा चेहरा, हा दगड, ही म्हैस, हे मेंदू ठरवतो. तान्ह्या बाळाला सुरुवातीचे महिने सगळं धूसर दिसतं. मॅडमचं म्हणणं, ते धूसर दिसणं फुकट जात नाही. बारकावे दिसत नाहीत म्हणून बाळ अख्खा चेहरा एकदम धरायला शिकतं. ज्यांना दृष्टी उशिरा मिळते त्यांचा हा पहिलीचा धडाच बुडतो.

हे तपासायला निखिलने मॉडेल बनवली होती. मॉडेल म्हणजे फोटो बघून बघून शिकणारा प्रोग्राम. एकाला आधी धूसर फोटो दाखवायचे आणि मग स्वच्छ. दुसऱ्याला पहिल्यापासून स्वच्छच. मग त्या दोघांची आणि मुक्तासारख्या माणसांची एकच परीक्षा घ्यायची. कोण कुठे चुकतं ते बघायचं. चुका जुळल्या तर मेंदूत काय चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो. मला आयुष्यभर मास्तरीण व्हायचं होतं. या वयात झाले, तर विद्यार्थ्यांत निम्मे कॉम्प्युटर.

मुक्ता जन्मली तीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. मोतीबिंदू म्हाताऱ्यांनाच होतो असं नाही. लहानपणीच काढला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण आमच्याकडे ऑपरेशनची शिबिरं लागतात हिवाळ्यात. उन्हाळ्यात जखम चिघळते अशी जुनी समजूत. म्हणून लोक थंडीत येतात, म्हणून शिबिरंही थंडीत. आणि थंडीत मुक्ताचे आईवडील ऊस तोडायला कारखान्यावर. दसऱ्यानंतर गेलेली माणसं पाडव्याच्या सुमारास परत. मुक्ता मावशीपाशी. ऑपरेशनच्या कागदावर सही करायची तर मावशीला धीर होत नव्हता, दुसऱ्याचं लेकरू. आई दरवर्षी जाताना म्हणायची, पुढल्या साली थांबते.

मी त्या शिबिरांत तीस वर्षं बसले. ज्यांनी यायला हवं ती माणसं गावातच नाहीत, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मुक्ता सोळाची असताना तिची आई, आसराबाई, तिकडेच काविळीने गेली. सगळं तिकडेच उरकलं. त्यानंतर चार वर्षांनी एका डॉक्टरांनी मुक्ताचं ऑपरेशन केलं. पट्टी सोडली की लख्ख दिसतं, असं लोकांना वाटतं. मुक्ताला दिसले ते हलणारे रंग. त्यातला एक रंग बोलला तेव्हा कळलं की ही मावशी. नंतर हळूहळू ती भांडी, रस्ता, बकऱ्या ओळखायला लागली. चेहरे मात्र येईनात. मावशीला ती चालण्यावरून ओळखायची, हातावरच्या गोंदणावरून ओळखायची. नुसता चेहऱ्याचा फोटो दाखवला की मावशी काय आणि तहसीलदार काय, तिला सारखेच.

आमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: दिसायला लागल्यावर सर्वांत आधी काय पाहावंसं वाटलं? लोक सांगतात, आभाळ. कोणी सांगतं, मोर. एका आजोबांनी सांगितलं, भाकरी. मुक्ता म्हणाली, “माय.”

“तिचं काय आठवतं?” मी विचारलं. हे फॉर्ममध्ये नव्हतं.

“हात आठवत्यात. लई खरबुडे. मिश्रीचा वास. कारखान्यावरनं आली की दोनी हातांनी महं तोंड चाचपायची, जनू तिलाच दिसत न्हाई.”

“सात वर्साची होस्तोर हिला कडंवर घेऊन फिरायची,” मावशी दारातून म्हणाली. “मानसं हसायची, एवढी घोडी कडंवर काहून म्हनून. पर खाली ठिवली की ठेचकाळायची ना ही.”

आईचा फोटो शोधला तेव्हा काय काय निघालं सांगते. आधार कार्ड तिच्या पिशवीत होतं, आणि पिशवी तिकडेच राहिली. मतदान कार्ड सापडलं. त्यावर चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. तसल्या फोटोवर मतदान कसं करू दिलं देव जाणे. उरला एक फोटो. एका साली हंगाम संपला त्या दिवशी मुकादमाने मोबाइलवर टोळीतल्या बायांचा काढलेला. पोस्टकार्डाएवढी प्रिंट, त्यात चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे. मुक्ता तेव्हा सातेक वर्षांची, इकडे गावात.

आई कोणती ते सांगायला गावात शंभर माणसं होती. वडीलही होते, ते अजून टोळीबरोबर जातात. पण मुक्ताने सगळ्यांना शपथ घातली. कोणी सांगायचं नाही. “समद्यांच्या माया त्यांस्नी कोनी दावल्या का? त्यांच्या त्यांनी वळखल्या. म्याबी वळखीन. शिकल्यावर येईल ना, बाई?”

मी तिला ‘बरं’ म्हणाले नाही. मी म्हणाले, “येईल.” तीस वर्षं पेशंटला खोटी आशा द्यायची नाही हे पाळलं आणि रिटायर झाल्यावर मोडलं.

मग तिच्याच सांगण्यावरून मावशीने त्या फोटोच्या झेरॉक्सवर पेनाने एक गोल केला. झेरॉक्स लिफाफ्यात, लिफाफ्याला स्टेपल, आणि लिफाफा माझ्या कपाटात. मी तो कधी उजेडात धरूनसुद्धा पाहिला नाही. हे सांगते, कारण मोह झाला होता.

आता माझी गोष्ट. माझे यजमान एसटीत कंडक्टर होते, केज-परळी गाडीवर. सहा वर्षांपूर्वी गेले. संध्याकाळी घरी आले की कॉलरवर परळीच्या वीजकेंद्राची राख असायची; मी रोज कॉलर घासायचे आणि रोज कुरकुरायचे. आता ती कुरकुरही करायला मिळत नाही. मुक्ताला आईचा आवाज आठवतो, चेहरा नाही. माझं उलट. चेहऱ्याचे फोटो आहेत, पण आवाज विरत चाललाय. पुढे सरका म्हणायचे तेवढं नीट आठवतं, कारण ते घरातही तसंच म्हणायचे.

त्यांचा हसतानाचा एकच फोटो होता, कुणीतरी चालत्या गाडीत काढलेला, हललेला. मी निखिलला म्हटलं, “अरे, तुमच्या त्या एआयमध्ये हा स्वच्छ होतो का?” त्याने पाच मिनिटांत करून दिला. काय सुरेख झाला. डोळे, मिशी, दात, सगळं लख्ख. त्यांचा पुढचा दात तुटलेला होता. नव्या फोटोत अख्खा होता. मी ते पाहिलं. पाहून म्हटलं, बरं झालं, दात नीट आला. फ्रेम केली, भिंतीवर लावली.

ती फ्रेम निखिलने माझ्या घरी जेवायला आल्यावर पाहिली, आणि त्याला मुक्ताचा फोटो आठवला. पोरगा मनाचा चांगला. त्याने तो फोटो स्कॅन केला, त्याच सॉफ्टवेअरमधून काढला आणि मोठी प्रिंट मुक्ताला दिली. मी तिथेच होते. “आता शिकायला सोपं जाईल,” मीच म्हणाले. तीन आठवडे ती प्रिंट मुक्ताच्या उशाखाली होती; कोणी बोलून जाईल म्हणून मावशीलाही ती दाखवत नव्हती. ती एकेक चेहरा बोटाने गिरवून पाठ करत होती.

आणि आता जिन्यात मावशी विचारत होती, ह्या बाया कोण.

मी वर आले. मुक्ताने बशीतला चहा संपवून विचारलं, “बाई, लिफाफा फोडता का?”

“पुढच्या खेपेला,” मी म्हटलं आणि प्रिंट ठेवून घेतली. ती हिरमुसली, पण गेली.

दार लावून घेतलं आणि निखिलला विचारलं, “हे सॉफ्टवेअर फोटो स्वच्छ कसा करतं?”

“ताई, त्याने लाखो चेहरे पाहिलेले असतात. धूसर ठिपका दिला की ते शोधतं, कसला चेहरा धूसर केला तर असा ठिपका होईल. मग तसा चेहरा काढतं.”

“तसा. तोच नाही.”

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, रोज वापरतो. फक्त हा फोटो कोणाच्या तरी आईचा आहे, हे त्याच्या हातातल्या कामाला जोडलं गेलं नव्हतं. माझ्याही नाही. मला तर तो दात दिसला होता.

“मी सराव म्हणून दिला होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “सरावाला कुठलाही चेहरा चालतो.”

“तिला नाही चालत.”

मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सुनंदाताई, आपला मेंदूही हेच करतो,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा आंधळी असते. तिथलं आपल्याला काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो.”

“भरतो मॅडम. पण ज्याचा त्याचा मेंदू ज्याचं त्याचं भरतो. ह्या फोटोत कोणाचंही भरलंय.”

“कबूल. पण आत्ता लगेच सांगितलं तर ती खचेल. कदाचित प्रकल्पच सोडेल. तिची एक वर्षाची रीडिंग आहेत. शेवटची दोन सेशन होऊ देत, मग सांगू.”

“तोवर ती त्या बाईला आई म्हणत राहील.”

मग मॅडम म्हणाल्या, “तुम्ही जा. तुम्हीच सांगा.” मी त्यांना मनातल्या मनात दुष्ट ठरवून ठेवलं होतं, ते मागे घ्यावं लागलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन फ्रेम खाली काढली. यजमान माझ्याकडे बघून अख्ख्या दाताने हसत होते. मी सहा महिने ह्या माणसाला सकाळी उदबत्ती ओवाळत होते. मागून जुना फोटो काढला, हललेला. त्यात तोंड नीट दिसत नाही, पण कॉलर मळकी आहे. तो लावला. मग बसून रडले. बऱ्याच दिवसांनी नीट रडले.

रविवारी मुक्ताच्या गावाला गेले. अंगणात मावशी तूर निवडत होती. मुक्ताने बाज टाकली, पाणी दिलं. मी आडवळणं न घेता सांगितलं. फोटो मशीनने रंगवलाय. हे चेहरे तुमच्या बायांचे नाहीत. ज्या बाईवर तू बोट ठेवलंस तिथे फोटोत नुसता ठिपका आहे.

ती माझ्या आवाजाच्या दिशेला वळली. अजूनही ती ऐकताना कान पुढे करते.

“मंग तीन आठवडे म्या कुनाला माय म्हनलं?”

“कोणालाच नाही.”

“ती बाई कुटं हाय तरी का?”

“नाही. कुठेच नाही.”

“बिचारी,” मुक्ता म्हणाली.

मग तिचा आवाज बदलला. “कावून केलं असं? म्या मागितलं व्हतं का?”

“तू नाही. मी मागितलं होतं, माझ्या घरच्या फोटोसाठी. तिथून हे सुरू झालं. चूक माझी आहे.”

मावशी सुपातली तूर इकडून तिकडे करत होती. मी पिशवीतून दुसरी प्रिंट काढली. मूळ फोटो, फक्त मोठा केलेला. स्वच्छ केलेला नाही. “ह्यात चेहरे कळणार नाहीत. सगळं पुसट आहे. पण जे आहे ते खरं आहे.”

तिने प्रिंट घेतली आणि डोळ्यांजवळ धरली. “पुसट मला सांगू नगा,” ती म्हणाली. “वीस वर्सं म्या तेच बगितलंय. आता तुमी जा, बाई.”

मी आले.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मॅडम म्हणाल्या, ड्रॉपआउट लिहून टाका. म्हणजे मध्येच सोडून गेली. मी रजिस्टरला ‘बाहेरगावी’ लिहिलं. मुक्तासाठी मी केलेलं ते दुसरं खोटं. पहिलं म्हणजे ते ‘येईल’.

खरं सांगायचं तर मी तिची वाट बघायचे. मंगळवार तिचा वार. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर व्हायची. खाली मेडिकलमध्ये जायचं सोडून वर चढलेलं गिऱ्हाईक असायचं. निखिलसुद्धा एकदा म्हणाला, “ताई, आज मंगळवार ना?” म्हटलं, कॅलेंडर समोर आहे.

तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी ती आली. एकटी.

“मावशी कुठंय?”

“ती येत व्हती. म्याच नगं म्हनलं.” केजच्या स्टँडवरून इथवर, ट्रक-मोटारसायकलींतून, ती पहिल्यांदाच एकटी चालत आली होती. मला तेवढ्यावरच तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. ती कामाला आली होती.

तिने पिशवीतून प्रिंट काढून टेबलावर पसरली. दोन्ही रांगांवर तिने वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. अकराच्या अकरा चेहरे झाकलेले. खाली नुसती धडं.

“हे काय?”

“तोंडं मधी मधी येत व्हती,” ती म्हणाली. “दिसत तर न्हाईत, अन् जीव तितंच जातो. म्हनून झाकून टाकली.”

निखिल खुर्चीतून उठला. “हे आम्ही मॉडेलला करतो,” तो मला म्हणाला. “एकेक भाग झाकून बघतो, मॉडेल नेमकं कशावरून ओळखतं ते कळायला. हिला कोणी सांगितलं?”

कोणी सांगितलं नव्हतं.

“मंग रोज उरलेलं बगत बसले,” मुक्ता म्हणाली. “हात, लुगडी, पाय. पयले काईच कळंना. मंग ही घावली.” तिने पुढच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बोट ठेवलं. “समद्या सरळ हुब्या हायत. हिचीच कंबर बगा. एका अंगाला गेलीय. डावा हात बगा कसा हाय, कमरंपाशी वाकवून. लेकरू घेतल्यावानी.”

मी चष्मा पुसून पाहिलं. हा फोटो मी शंभरदा पाहिला होता. मूळ पाहिला होता, मोठा पाहिला होता, स्वच्छ केलेला पाहिला होता. डाव्या टोकाची बाई कमर बाहेर काढून, हात वाकवून, लेकरू कडेवर घेतलेली बाई उभी राहते तशी उभी होती.

“पर कडंवर कोनीच न्हाई,” मुक्ता म्हणाली. “ती मही जागा हाय.”

मी ‘बरं’ म्हणायला हवं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा एखाद्या उत्तराला तो शब्द निघाला नाही.

कपाट उघडलं. लिफाफा काढला. स्टेपल निघता निघेना. शेवटी निखिलने काढली. झेरॉक्सवर मावशीने निळ्या पेनाने गोल केला होता. पुढची रांग, डावं टोक. गोल वेडावाकडा होता, पण बाई तीच.

मुक्ताने झेरॉक्स हातात घेतली नाही. मी नुसतं “हो” म्हटलं आणि तिला पुरलं. तिने नखाने त्या बाईच्या चेहऱ्यावरची पट्टी सावकाश सोडवली. कागद फाटू नये म्हणून किती जपून. खाली बघत राहिली.

“बाई, तोंड कुटं हाय?”

मी वाकून पाहिलं. तोंड नव्हतं. आसराबाईने पदर पुढे ओढून तोंडावर धरला होता. उन्हामुळे म्हणा, मुकादम मोबाइल रोखून उभा होता म्हणून म्हणा. धूसर फोटोत तो सावळा ठिपका चेहऱ्यासारखाच वाटायचा. मी कपाटातून ती स्वच्छ केलेली प्रिंट काढली. त्याच जागी सॉफ्टवेअरने नाक, डोळे, ओठ, सगळं व्यवस्थित काढून ठेवलं होतं. जिने तोंड झाकलं होतं तिलाही चेहरा देऊन टाकला होता.

“पदर घेतलाय तिने,” मी सांगितलं. “चेहरा फोटोत आलेलाच नाही, मुक्ता. कुठल्याच मशीनने येणार नाही.”

निखिल खिडकीकडे तोंड करून उभा होता. कूलर घरघरत होता. मुक्ता रडेल असं मला वाटलं. तिने ती वाकलेली कंबर बोटाने एकदा वरून खाली गिरवली.

“म्या इकडं रोज मावशीला इचारायची, माय कवा येती,” ती म्हणाली. “अन् ती तिकडं मला घेऊनच हुबी व्हती.”

तिला जीपपर्यंत सोडायला मी खाली गेले. प्रिंट तिने नळीसारखी गुंडाळून छातीशी धरली होती. जीप भरेपर्यंत आम्ही उभ्या होतो. ती म्हणाली, पुढल्या मंगळवारी येते, मावशीचं तोंड शिकायचं ऱ्हायलंय, ती हाय तवर शिकून घेते. मी म्हणाले, “ये.”

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. निखिलने त्यांना सांगितलं असावं.

“ओळखलं म्हणे तिने?”

“आई ओळखली. चेहरा नाही.”

“मग फॉर्ममध्ये काय भरणार?”

फॉर्ममध्ये चौकटी दोनच आहेत. चेहरा ओळखला: हो, नाही. मी ‘नाही’वर टिक केली. नियमाने तेच बरोबर होतं. खाली शेऱ्याचा रकाना असतो, अर्ध्या ओळीचा. मी तो दोन वर्षांत कधी भरला नव्हता. तिथे लिहिलं, ‘कडेवरच्या रिकाम्या जागेवरून.’ रकान्यात मावलं नाही. शेवटचा शब्द समासात गेला.